स्वरांची पारख : उत्तम यंत्रावर काय ऐकावे?



या सदरात एरवी मुदत ठेवी, वारसनोंद, विमा आणि कर्जाचे हप्ते असे रूक्ष विषय येतात. या महिन्याचा विषय वरवर पाहता वेगळा आहे. मात्र त्यातही पैसा गुंतलेला आहेच, आणि पारख तर नेहमीपेक्षा अधिक लागते.

गेल्या काही वर्षांत वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथील आपल्या अनेक व्यापारी कुटुंबांनी नवी घरे बांधली. खाली दुकान किंवा गोदाम, वर राहते घर, आणि दिवाणखान्यात संगीत ऐकण्याचे उत्तम यंत्र अशी रचना आता ठिकठिकाणी दिसते. दोन उंच स्पीकर, स्वतंत्र अँप्लिफायर, जाड तारा. किंमत ऐकली की वाटते, एवढ्यात एक लहान मालवाहू गाडी आली असती. यात वावगे काही नाही. दिवसभर आडतीवर भावताव, ट्रकचे कर्णे आणि फोनच्या घंट्या ऐकलेल्या कानांना संध्याकाळी तासभर चांगले ऐकण्याचा अधिकार आहेच.

तथापि अशा घरी गेल्यावर तेथे प्रत्यक्ष वाजते काय, याकडे माझे लक्ष असते. बहुधा यजमानांच्या मोबाइलवरून, कुणी तरी जुन्या कॅसेटवरून उतरवून व्हिडिओच्या रूपात चढवलेले गाणे, बिनतारी मार्गाने त्या महागड्या यंत्रात जात असते. थोड्या वेळाने यजमान विचारतात, "साहेब, पैसे एवढे घातले, पण मजा येत नाही. स्पीकर बदलावे काय?" माझे उत्तर ठरलेले आहे. स्पीकर राहू द्यावेत. आधी माल तपासावा.

यंत्र म्हणजे तराजू

उत्तम यंत्र गाणे सुधारत नाही. त्यात जे आहे तेवढेच ते दाखवते. साध्या रेडिओवर जी खरखर, जो कोंदटपणा, जो कृत्रिम प्रतिध्वनी लपून राहतो, तो चांगल्या स्पीकरवर उघडा पडतो. बाजार समितीत इलेक्ट्रॉनिक काटा आल्यामुळे सोयाबीनचा दाणा भरला नाही. फक्त वजन नेमके कळू लागले. यंत्राचेही तसेच आहे.

सोयाबीन किंवा तूर घेताना आपण काय करतो? पोत्यावरचा शिक्का वाचून भाव लावत नाही. आतून नमुना काढतो, ओलावा पाहतो, माती-काडी व डागी दाणा पाहतो, मूठभर दाणे हातावर घोळवतो. बँकेतही तारण कागदावर कितीही भारी दिसले तरी गोदाम उघडून पाहिल्याशिवाय कर्ज मंजूर होत नसे. संगीताच्या बाबतीत मात्र 'डिजिटल', 'एचडी', 'रिमास्टर्ड' एवढा शिक्का वाचून आपण समाधान मानतो. हा लेख त्या शिक्क्यामागचा माल पाहण्याविषयी आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करतो. उत्तम गाणे आणि उत्तम ध्वनिमुद्रण या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. श्रेष्ठ गायन सामान्य ध्वनिमुद्रणात असू शकते आणि सुमार गायन निर्दोष ध्वनिमुद्रणात. नव्या यंत्राची खरी ओळख व्हावी म्हणून आरंभी जेथे दोन्ही एकत्र आहेत असे संगीत निवडावे.

तीन मिनिटांपासून स्टीरिओपर्यंत

निवड करण्यापूर्वी ध्वनिमुद्रणाचा इतिहास थोडक्यात ठाऊक असावा, म्हणजे कोणत्या काळातील मालाकडून काय अपेक्षा धरावी हे कळते.

१९०२ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन वापरात नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या आवाजाच्या दाबाने सुई हलायची आणि मेणाच्या थराळीवर रेघ उमटायची. १९२५ पासून मायक्रोफोनच्या साहाय्याने विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि हळू, मृदू स्वरही तबकडीवर येऊ लागले. तबकडीत लाखेपासून केलेले शेलॅक वापरले जाई. मिनिटाला ७८ फेरे आणि एका बाजूस सुमारे ३ मिनिटे एवढीच मर्यादा. तासभर चालणारा राग अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या ३ मिनिटांत कसा बसवला, हे आजही थक्क करणारे आहे.

१९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी आणली. एका बाजूस २० मिनिटांहून अधिक जागा मिळाल्याने विलंबित ख्यालाला घरात प्रवेश मिळाला. १९५८च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. मोनोमध्ये सर्व आवाज एकाच वाटेने येतात. स्टीरिओत दोन स्वतंत्र वाटा असतात, त्यामुळे गायक मध्ये, तबला एका अंगाला, सारंगी दुसऱ्या अंगाला असा बैठकीचा आभास निर्माण होतो. १९८२ मध्ये सीडी आली. तीत प्रत्येक सेकंदाला ध्वनीची ४४,१०० मोजमापे घेतली जातात. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि ते टिपण्यास त्याच्या दुपटीहून थोडी अधिक मोजमापे पुरतात, असा त्यामागील हिशेब आहे.

मेहकरची शीळ आणि काश्मीरचा मेंढपाळ

ही सारी वाटचाल एका मराठी माणसाच्या कार्यात पाहायची असेल तर ग. ना. जोशी यांचे नाव घ्यावे लागते. जोशी विदर्भातले, वकिलीचे शिक्षण घेतलेले. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता त्यांनी स्वतः गायली. १९३०च्या दशकाच्या आरंभी तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मराठी भावगीताच्या प्रारंभीच्या इतिहासात तिला मानाचे स्थान मिळाले. मेहकर येथून फार लांब नाही. रानातल्या शिळेची ती कविता आपल्याच पट्ट्यातली आहे, हे आपल्या तरुण पिढीला बहुधा ठाऊक नसते.

हेच जोशी पुढे एचएमव्ही कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. कित्येक थोर गायक-वादकांना ध्वनिमुद्रणासाठी राजी करणे, त्यांच्या लहरी सांभाळणे, राग आणि वेळ यांचा मेळ घालणे हे काम त्यांनी दीर्घकाळ केले. त्या आठवणी त्यांनी 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत. जुन्या ग्रंथालयात आढळल्यास अवश्य वाचावे.

त्यांच्याच पुढाकाराने १९६७ मध्ये 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला. काश्मीरच्या खोऱ्यातील एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांतून उलगडत जातो: अहिरभैरव, नटभैरव, पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. त्या काळी संतूर आणि गिटार यांना रागसंगीतात पूर्ण मान्यता नव्हती. कलाकारही वयाने तरुण होते. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर हा जोखमीचा सौदा होता. तो असा फळला की आज इतक्या वर्षांनीही ही ध्वनिमुद्रिका देशोदेशी विकत घेतली जाते.

नव्या यंत्रावर प्रथम काय लावावे असे कुणी विचारले तर मी हीच सुचवतो. संतूरच्या तारेवर कलम पडते तो क्षण आणि त्यानंतर नाद विरत जातो तो काळ, दोन्ही स्वतंत्र ऐकू यावेत. बासरीत स्वरापूर्वीची फुंकर ऐकू यावी. गिटारची मींड एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर सरकताना मध्ये तुटू नये. एवढे घडले तर यंत्र आणि माल दोन्ही ठीक आहेत असे समजावे.

चार कसोट्या

कोणतेही ध्वनिमुद्रण पारखताना मी चार कसोट्या लावतो. त्यासाठी संगीतशास्त्र येण्याची गरज नाही.

पहिली कसोटी तानपुऱ्याची. गायन सुरू असताना मागे तानपुऱ्याच्या चारही तारा अखंड ऐकू येतात काय? जवारीमुळे एका तारेतून अनेक सूक्ष्म स्वरांचे वलय उठते. खराब नकलेत हे वलय नाहीसे होऊन नुसती सळसळ उरते, जणू दूर कुठे नळ वाहतो आहे. गायक थांबला की मागचा तानपुरा मोठा होतो आणि तो गाऊ लागला की लहान होतो, असे जाणवल्यास ध्वनिमुद्रणावर नंतर दाबणीचे संस्कार झाले आहेत असे समजावे.

दुसरी कसोटी आपल्या भाषेची. मराठी गाण्यात 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' यांतील भेद स्पष्ट ऐकू यावा. 'स', 'श', 'च' ही अक्षरे कानाला टोचू नयेत. उच्चार हा बाजारातल्या सर्व यंत्रांपेक्षा जुना मापदंड आहे आणि तो घरातील आजीलाही वापरता येतो.

तिसरी कसोटी तबल्याची. डग्ग्याचा घुमार जमिनीलगत पसरतो आणि हाताच्या दाबाने वर चढतो; उजव्या तबल्याचा 'ना' काठावर खणखणीत वाजतो. सगळाच ठेका एकसारखा 'धब् धब्' ऐकू येत असेल तर खालचे स्वर कृत्रिमरीत्या फुगवलेले आहेत. तरुण मंडळींना हा फुगवटा प्रारंभी आवडतो. घाऊक माल ओला करून वजन वाढवावे, तसा हा प्रकार आहे.

चौथी कसोटी थकव्याची, आणि ती सर्वांत विश्वसनीय. चांगले ध्वनिमुद्रण तासभर ऐकल्यावर आणखी ऐकावेसे वाटते. वाईट ध्वनिमुद्रण लावले की पंधराव्या मिनिटाला कुणी तरी आवाज कमी करते आणि विसाव्या मिनिटाला घरची मंडळी एकेक करून उठून जातात.

या थकव्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ख्यालगायनात आरंभीचा आलाप मंद असतो आणि द्रुतातील तान उच्च असते. या दोहोंतील अंतर हाच त्या गायनाचा प्राण. अलीकडे मालाकडे लक्ष वेधले जावे म्हणून मंद भाग वर उचलायचा आणि उच्च भाग दाबायचा, म्हणजे सगळेच एका मोठ्या पातळीवर येते, अशी प्रथा पडली. पाश्चात्त्य देशांत तर या चढाओढीला 'मोठेपणाचे युद्ध' अशा अर्थाचे नावच मिळाले. २००८ मध्ये मेटालिका या प्रसिद्ध अमेरिकन वाद्यवृंदाची 'डेथ मॅग्नेटिक' ही ध्वनिमुद्रिका इतकी दाबून काढली गेली की त्यांच्या चाहत्यांनीच त्याविरुद्ध तक्रार नोंदवली. आपल्याकडे हीच दाबणी भक्तिगीतांच्या आणि स्तवनांच्या अनेक ध्वनिमुद्रणांत आढळते. वर प्रतिध्वनीचा इतका मारा असतो की शब्द विहिरीतून आल्यासारखे वाटतात. स्तवनात शब्द हेच सर्वस्व. ते कळत नसतील तर यंत्राची किंमत कितीही असो, उपयोग शून्य.

कशापासून आरंभ करावा

थोडकी नावे देतो. यादी मोठी करण्यात अर्थ नाही.

मराठी घरासाठी 'गीतरामायण' अग्रक्रमाने. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे ही ५६ गीते प्रसारित झाली. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. आकाशवाणीवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे आदी अनेक आवाज होते. पुढे फडके यांनी सर्व गीते स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. साथ मोजकी आणि शब्द पुढे. वर सांगितलेली दुसरी कसोटी कशी असते हे येथे कळते.

श्रीनिवास खळे यांचे संगीत असलेल्या दोन ध्वनिमुद्रिका संग्रही असाव्यात. एक लता मंगेशकर यांची 'अभंग तुकयाचे' आणि दुसरी १९८५ मधील 'राम श्याम गुणगान'. दुसरीत लताबाई आणि पंडित भीमसेन जोशी एकत्र गातात. दोन अगदी भिन्न प्रकृतीचे आवाज, एक रेशमाच्या धाग्यासारखा आणि एक घनगंभीर. एकाने दुसऱ्याला झाकू नये आणि दोन्ही आपापल्या जागी ऐकू यावेत, ही यंत्राची व ध्वनिमुद्रणाची संयुक्त परीक्षा होय.

रागसंगीतात किशोरी आमोणकर यांचा भूप घ्यावा. स्वर लावण्यापूर्वीची शांतता आणि स्वर सोडल्यानंतरचा अवकाश दोन्ही महत्त्वाचे आहेत. कुमार गंधर्व यांची निर्गुणी भजने घ्यावीत. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालेल्या या गायकाने लहान श्वासालाच आपली शैली बनवले. चांगल्या ध्वनिमुद्रणात तो श्वास ऐकू येतो आणि गाण्याचा अर्थच बदलतो.

लोकवाद्यांचा दणका हवा असेल तर 'जैत रे जैत' या १९७७च्या चित्रपटाचे संगीत आहे: हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत आणि ना. धों. महानोर यांची गीते. घरातील मुलांना प्रारंभी चित्रपटसंगीतच हवे असेल तर ए. आर. रहमान यांचे १९९२ मधील 'रोजा' लावावे. खालचे स्वर न फुगवताही खोल कसे असतात, हे त्यांना सांगावे लागणार नाही.

आणि एक नाव सीमेपलीकडचे. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि अमेरिकन वादक राय कूडर यांची गिटार यांची 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ही १९९३ची ध्वनिमुद्रिका. तिचे ध्वनिमुद्रण कवि अलेक्झांडर यांनी कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील एका प्रार्थनागृहात, मोजक्या मायक्रोफोनवर केले. त्या वास्तूची हवाच जणू तारांभोवती ऐकू येते. पुढे तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. प्रतिध्वनी मुळात वाईट नसतो. तो वास्तूतून आलेला आहे की यंत्रातून ओतलेला, हा प्रश्न असतो. ही ध्वनिमुद्रिका आणि बाजारातील एखादे स्तवन पाठोपाठ ऐकावे, म्हणजे फरक आपोआप कळतो.

माल कोठून घ्यावा

येथे थोडे गणित आवश्यक आहे. सीडीवर दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते. सामान्य एमपी३ नकलेत ती १२८ किलोबिटपर्यंत खाली येते. म्हणजे ११ पोत्यांतले जेमतेम १ पोते. कानाला जे ऐकू येण्याची शक्यता कमी तेवढेच गाळले जाते, हा त्यामागील सिद्धान्त खरा आहे आणि तो बुद्धिमान आहे. जर्मन अभियंता कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी हे तंत्र घडवताना सुझान व्हेगा या गायिकेचे कोणतीही साथ नसलेले 'टॉम्स डायनर' हे गाणे कसोटीसाठी वापरले. कारण एकट्या मानवी आवाजाची हानी सर्वांत आधी कानाला कळते. आपले संगीत तर मुख्यतः मानवी आवाजाचेच आहे. म्हणून ही काटकसर आपल्याला अधिक महाग पडते.

तेव्हा शक्य तेथे मूळ सीडी घ्यावी. ऑनलाइन सेवा घ्यायची असेल तर 'लॉसलेस', म्हणजे काहीही न गाळलेली, अशी सोय आहे काय हे पाहावे; अॅपल म्युझिकवर ती २०२१ पासून आहे. मोबाइलवरून ब्लूटूथने गाणे पाठवताना पुन्हा एकदा गाळणी लागते, हे लक्षात ठेवून शक्य तर तारेने जोडणी करावी. एवढा बदल काही शे रुपयांत होतो आणि बहुतेक घरांत स्पीकर बदलण्यापेक्षा त्याचा गुण अधिक येतो.

दुसरी सूचना जुन्या संगीताविषयी. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. त्यानंतर ध्वनिमुद्रणावरील तो हक्क उरत नाही. त्यामुळे एकाच जुन्या गाण्याच्या दहा-दहा आवृत्त्या दिसतात. काहींनी खरखर घालवण्याच्या नादात आवाजाची कोरही घासून टाकलेली असते, तर काहींनी जुन्या गाण्यावर नवा ठेका चढवलेला असतो. त्यापेक्षा थोडी खरखर असलेली प्रामाणिक आवृत्ती बरी. मात्र नवी आवृत्ती नेहमीच वाईट असते असेही नाही. माइल्स डेव्हिस यांच्या १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू' या जगद्विख्यात ध्वनिमुद्रिकेची पहिली बाजू यंत्राच्या गतीतील दोषामुळे किंचित चढ्या पट्टीत निघाली होती. ती चूक १९९०च्या दशकातील नव्या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. म्हणून वर्ष पाहून ठरवू नये, ऐकून ठरवावे.

जागेविषयी फार लिहीत नाही. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि स्पीकर भिंतीला चिकटलेले नसावेत. आपल्या नव्या दिवाणखान्यांत संगमरवरी फरशी आणि काचेची कपाटे यांमुळे आवाज नुसता उसळत राहतो. खाली जाड सतरंजी, भिंतीलगत गाद्या-लोड आणि खिडक्यांना जाड पडदे एवढे केले तरी पुरे. जुन्या पेढीवरची भारतीय बैठक आवाजाच्या दृष्टीने आजच्या दिवाणखान्यापेक्षा सरस होती. विजेचा दाब आपल्याकडे वर-खाली होतो, त्यासाठी चांगला स्टॅबिलायझर आणि अर्थिंग मात्र चुकवू नये.

माळ्यावरचा ठेवा

आता ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते सांगतो. आपल्या कित्येक जुन्या वाड्यांत माळ्यावर तबकड्यांच्या पेट्या आहेत. आजोबांनी किंवा पणजोबांनी मुंबई, अकोला, नागपूर येथे मालाच्या निमित्ताने गेले असता त्या आणलेल्या. नवे घर बांधताना किंवा दिवाळीची साफसफाई करताना त्या भंगारात किलोच्या भावाने जातात. हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यांतील काही तबकड्या पुन्हा कधीच निघालेल्या नसतात. त्या गायकाचा तो आवाज उरलेल्या मोजक्या प्रतींतच जिवंत असतो. विकणाऱ्याला शंभर-दोनशे रुपये मिळतात आणि गेलेली वस्तू कोणत्याही भावाने परत येत नाही.

म्हणून नव्या यंत्राचा पहिला खर्च करण्यापूर्वी घरातील जुन्या मालाची मोजदाद करावी. एक वही करावी: कलाकार, राग किंवा गीत, कंपनी, क्रमांक, अवस्था. दीर्घ तबकड्यांवरील क्रमांकाकडे विशेष लक्ष द्यावे. एचएमव्हीच्या क्रमांकाआधी 'ईएएसडी' किंवा 'ईसीएसडी' अशी अक्षरे असतील तर ती स्टीरिओ. 'ईएएलपी' किंवा 'ईसीएलपी' असतील तर मोनो. मोनोला कमी लेखू नये. दोन स्पीकरांच्या मधोमध, समोर बसून गात असल्यासारखा एक आवाज देणारी जुनी मोनो तबकडी ही कृत्रिमरीत्या दोन वाटा केलेल्या स्टीरिओपेक्षा पुष्कळ चांगली.

७८ फेऱ्यांच्या तबकड्या आजच्या सुईने वाजवू नयेत; त्यांना वेगळी, जाड सुई लागते आणि गतीही जुळवावी लागते, अन्यथा गायकाची पट्टीच बदलते. जाणकाराकडून एकदा त्या चांगल्या रीतीने उतरवून घ्याव्यात आणि मूळ तबकडी जपावी. उत्तम यंत्रावर अब्दुल करीम खाँसाहेबांची ३ मिनिटे लावली तर खरखर ऐकू येईलच. पण चार-सहा दिवसांत कान तिला बाजूला सारायला शिकतो, आणि मागे जो आवाज उरतो त्याला आपल्या दीड-दोन लाखांच्या स्पीकरांनी प्रथमच पूर्ण जागा दिलेली असते.

संग्रह फार मोठा असू नये, असे माझे मत आहे. मोबाइलमध्ये वीस हजार गाणी असतात आणि एकही शेवटपर्यंत ऐकली जात नाही. परिग्रहाचे परिमाण येथेही लागू पडते. पारखून घेतलेली वीस ध्वनिमुद्रणे, आठवड्यातून दोन संध्याकाळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, घरच्यांनी एकत्र बसून ऐकली तर वर्षभरात मुलांचे कान तयार होतात. ज्याला तानपुऱ्याची जवारी ऐकू येऊ लागते, त्याला ग्राहकाच्या आवाजातील अनमानही कळू लागते, असा माझा चाळीस वर्षांच्या नोकरीतील अनुभव आहे.

शेवटी एक सूचना, आपल्या हवामानाची. तबकड्या एकावर एक रचून ठेवू नयेत. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली तर मुळीच नकोत. वाशिमच्या उन्हात त्या वाकतात आणि वाकलेली तबकडी सहसा सरळ होत नाही. तळमजल्यावर, पेढीच्या आतल्या खोलीत, जेथे पूर्वी जमाखर्चाच्या जुन्या वह्या ठेवत, ती जागा उत्तम.